घरखर्चाचा हिशेब : हॉटेलातली फुकटची रात्र कितीला पडते?

कल्याणहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पती रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत, मुलाला दोन वर्षांपूर्वी खासगी कंपनीत नोकरी लागली आहे. मॉलमध्ये टेबल मांडून बसलेल्या एका पोराने मुलाला सांगितले की, हे क्रेडिट कार्ड घ्या. वर्षाला मोठ्या हॉटेलात एक रात्र फुकट, शिवाय जेवढा खर्च कराल तेवढे पॉइंट आणि त्या पॉइंटांवर पुन्हा हॉटेल. मुलगा आईला म्हणतो, तुम्ही दोघे जन्मात कधी चांगल्या हॉटेलात उतरला नाहीत, मी तुम्हाला नेतो. भगिनी विचारतात, "यात काही फसवणूक आहे का? मुलाला हो म्हणावे की नाही म्हणावे?"

पत्र वाचून बरे वाटले, कारण फॉर्मवर सही होण्याआधी विचारणारे फार थोडे असतात. फसवणूक म्हणाल तर नाही. अशी कार्डे खरी आहेत आणि त्यावर मिळणारी रात्रही खरी असते. परंतु ती फुकट नसते. ती कितीला पडते हे ज्या घराने कागदावर मांडले, त्या घराचा फायदा होतो. ज्याने मांडले नाही, त्याच्या पैशावर दुसरा कोणीतरी राहून येतो. हे कसे, ते सांगतो.

हॉटेलची खोली ही पालेभाजीसारखी असते. आज विकली गेली नाही तर आजच्या दिवसाची तिची किंमत गेली, ती काही उद्या दुप्पट दराने विकता येत नाही. म्हणून रिकाम्या खोल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला बक्षीस देऊन त्याला आपल्याकडे बांधून ठेवायचे, ही युक्ती हॉटेलवाल्यांनी काढली. अमेरिकेत १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीने प्रवाशांसाठी अशी योजना सुरू केली आणि १९८३ मध्ये हॉलिडे इन व मॅरियट या हॉटेल कंपन्यांनी ती उचलली. पुढे बँका त्यात शिरल्या. बँक हॉटेल कंपनीकडून पॉइंट विकत घेते आणि आपल्या कार्डवाल्यांना वाटते. बँक हा पैसा आणते कुठून? दुकानदाराच्या बिलातून कापलेले कमिशन, कार्डाची वार्षिक फी, आणि वेळेवर बिल न भरणाऱ्यांचे व्याज. हे तिसरे उत्पन्न ध्यानात ठेवावे, त्याकडे पुन्हा यायचे आहे.

आपल्या देशात हॉटेल कंपनीच्या नावाचे कार्ड अगदी अलीकडचे. मॅरियट आणि एचडीएफसी बँक यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये एकत्र कार्ड काढले. त्याच्याच अटी उदाहरणाला घेऊ. निघाले तेव्हा वार्षिक फी ३,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. बदल्यात १५,००० पॉइंटांपर्यंतच्या खोलीची एक रात्र, आणि दरवर्षी फी भरून कार्ड चालू ठेवले की पुन्हा एक. खर्चावर पॉइंट असे : मॅरियटच्या हॉटेलात दर १५० रुपयांना ८, प्रवास व बाहेरचे खाणे यांवर ४, बाकी सर्व खर्चावर २. वर्षाला सहा लाखांचा खर्च केला तर आणखी एक रात्र. या अटी बँका मधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज करण्याच्या दिवशी छापील कागद मागून घ्यावा. टेबलावरचा पोरगा तोंडाने काय बोलतो त्याला किंमत नाही.

आता पेन्सिल घ्या. आपले घर किराणा, वीजबिल, मोबाईल, औषधे असा महिन्याला २०,००० रुपयांचा खर्च कार्डावर करते असे धरू. वर्षाचे झाले २,४०,०००. दर १५० ला २ पॉइंट, म्हणजे वर्षाला ३,२०० पॉइंट. पंधरा हजार पॉइंटांची एक खोली मिळवायला लागणार पावणेपाच वर्षे! रुपयांत सांगायचे तर ११,२५,००० रुपयांचा बाजार केल्यावर एक रात्र. शिवाय हे कार्ड डायनर्स क्लबच्या जाळ्यावरचे. नाक्यावरच्या प्रत्येक वाण्याकडे ते चालेलच असे नाही. आणि पावणेपाच वर्षांत पंधरा हजारांची खोली पंधरा हजारांवरच थांबते थोडीच? पूर्वी या कंपनीचा तक्ता असे, अमुक दर्जाचे हॉटेल म्हणजे अमुक पॉइंट. मार्च २०२२ पासून तो तक्ता काढून टाकला. आता मागणी वाढली की पॉइंटही वाढतात. कमाई करणारा मात्र दीडशेला दोनच्या हिशेबानेच कमावतो. त्यात पुन्हा चोवीस महिने खात्यावर काहीच हालचाल झाली नाही तर साठलेले पॉइंट बाद.

म्हणजे आपल्यासारख्यांच्या बाबतीत पॉइंट ही गोष्ट जवळजवळ विसरून जावी. सहा लाखांची दुसरी रात्रही विसरावी. महिना पन्नास हजार कार्डावर खर्च करण्याच्या नादात नको असलेला टीव्ही घरात येतो. उरला सौदा एकच : ३,५४० रुपये फी आणि एक रात्र. तो फायद्याचा की तोट्याचा, एवढेच पाहायचे.

तो फायद्याचा होऊ शकतो. कसा, ते माझ्या भाचीच्या अनुभवावरून सांगतो. तिच्याकडे असेच एक कार्ड आहे. पहिल्या वर्षी ती आक्का आणि दाजींना घेऊन पावसाळ्यात लोणावळ्याला गेली. दाजी एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षे होते. हॉटेलच्या दारात काचेचा दरवाजा उघडायला माणूस उभा, तो बघून दाजी चप्पल काढायला लागले. भाची म्हणाली, "बाबा, चला सरळ." खोलीत गेल्यावर गादी दाबून पाहिली, खिडकीतून डोंगर पाहिला, आणि मग दाजींनी पहिला प्रश्न विचारला, "हे खरंच फुकट आहे का गं?"

नव्हते. खोली दोन माणसांची. तिसऱ्या माणसाच्या जादा गादीचे करासह १,७७० रुपये लागले. सकाळचा नाश्ता त्या रात्रीत धरलेला नव्हता, तिघांचे २,१०० झाले. रात्री बाहेर धो धो पाऊस, म्हणून जेवणही तिथेच घेतले. डाळ, भाजी, रोटी आणि भात एवढ्यालाच २,४०० रुपये. फी धरून बेरीज करा : ९,८१०. त्या दिवशी ती खोली रोख पैसे देऊन घेतली असती तर करासह ९,४४० होती, जादा गादी आणि खाणे वेगळे. म्हणजे वाचले नाही असे नाही, फीपेक्षा ५,९०० रुपये जास्त किमतीची खोली मिळाली. पण भाचीच्या डोक्यात "फुकट" हा शब्द बसलेला, पर्समध्ये पैसे बेताचे, आणि निघताना बिल पाहून तिचा चेहरा उतरला. आक्काने पिशवीतून पाचशेच्या चार नोटा काढून दिल्या. मुलगी आईबापाला मिरवायला घेऊन जाते आणि शेवटी आईच पैसे काढते, हे तिला फार लागले. मला फोन करून म्हणाली, "मामा, मी आधी विचारायला हवं होतं."

दुसऱ्या वर्षी तिने विचारले. निघण्याआधी हॉटेलला फोन करून चार प्रश्न : खोलीत तिघे चालतील का, जादा गादीचे किती, नाश्त्याचे किती, कार्डावर अनामत म्हणून किती रक्कम अडकवून ठेवता. एका ठिकाणी दोन मोठ्या पलंगांची खोली होती, तिघांना जादा आकार नाही म्हणाले. ती घेतली. रात्री गावातल्या खानावळीत जेवले, सहाशे रुपये. नाश्ता मात्र हॉटेलात, कारण तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ मांडून ठेवलेला तो नाश्ता दाजींना फार आवडला होता. त्याचे १,९००. फीसह एकूण ६,०४० रुपयांत तिघांची सहल झाली, आणि या वेळी दाजी दरवाजातून सरळ आत गेले.

जाणाऱ्यांसाठी आणखी काही बारीक गोष्टी सांगतो, कारण त्या छापील जाहिरातीत नसतात. प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र लागते, म्हाताऱ्यांची आधार कार्डे घरी विसरू नयेत. खोली दुपारी दोन-तीनच्या आधी हाती येत नाही आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला सोडावी लागते. पहाटेच्या गाडीने गेलात तर सामान काउंटरवर ठेवून फिरून यावे, त्याचे पैसे नाहीत. पाण्याच्या ज्या बाटल्यांवर मोफत असे लिहिलेले असते त्या आणि चहाच्या पुड्या आपल्या. छोट्या फ्रिजमधले थंड पेय आणि चॉकलेट आपले नाही, त्याला हात लावला की बिल. पोरांना तलावात उतरायचे असेल तर नायलॉनचा पोहण्याचा पोशाख घरूनच न्यावा, सुती चड्डीवर उतरू देत नाहीत.

रात्र कुठे वापरावी याचेही गणित आहे. पंधरा हजारांपर्यंतची रात्र सात हजार पॉइंटांच्या खोलीला वापरली तर उरलेले आठ हजार परत मिळत नाहीत. आणि जवळ स्वतःचे थोडे पॉइंट साठले असतील तर ते वर घालून पंधरा हजारांहून महाग खोलीही घेता येते. तेव्हा त्याच दिवसाचा रोखीचा दर आणि पॉइंटांचा दर शेजारी शेजारी लिहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला; शंभर रुपयांच्या फरकाला वर हजाराचा दंड. समजा ही ७,६०० ची खोली १५,००० पॉइंटांना आहे, तर एका पॉइंटाचे साठ पैसे झाले. दुसरीकडे ३,५०० ची खोली, करासह ३,६७५, आणि तिला ९,००० पॉइंट मागतात. तिथे पॉइंटाचे एक्केचाळीस पैसेच. अशी खोली रोखीने घ्यावी आणि रात्र राखून ठेवावी. मात्र राखता राखता वर्ष उलटू देऊ नये. रात्रीला एक वर्षाची मुदत असते, आणि मुदतीच्या आत नुसते बुकिंग करून भागत नाही, तिथे राहून यावे लागते.

यात आपल्या कष्टकरी घरांना एक फायदा आहे, जो ऑफिसातल्या साहेबाला नाही. इस्पितळात, एसटीत, कारखान्यात, महापालिकेत पाळीने काम करणाऱ्यांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी, बुधवारी येते. एरवी आपण हळहळतो की रविवारी घरी कोणी नाही. परंतु डोंगरावरची आणि समुद्राकाठची हॉटेले शनिवारी भरलेली आणि बुधवारी रिकामी. शनिवारी तीस हजार पॉइंट मागणारी खोली बुधवारी पंधरा हजारांच्या आत येऊ शकते. शहरातल्या हॉटेलांचे उलटे. तिथे कंपन्यांची माणसे सोमवार ते गुरुवार उतरतात, शनिवार-रविवार खोल्या मोकळ्या.

आणखी एक. पॉइंट मिळवायला कार्ड हवेच असे नाही. हॉटेल कंपनीच्या योजनेचे सभासदत्व फुकट असते. आपला मुलगा मशिनच्या दुरुस्तीला, ट्रेनिंगला कंपनीच्या कामाने गावोगाव जात असेल तर त्याने आपला सभासद क्रमांक काउंटरवर द्यावा आणि पॉइंट जमा होतील का ते विचारावे. खोली थेट हॉटेलकडून घेतलेली असेल तर बहुतेक वेळा होतात. प्रवासाच्या तिसऱ्याच कंपनीमार्फत घेतली असेल तर होत नाहीत. वर्षभर बाहेरगावी राबणाऱ्या मुलाला हा रस्ता कार्डापेक्षा कितीतरी जवळचा आहे, आणि त्यात कर्जाची भीती नाही.

आता ते तिसरे उत्पन्न. कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान आकडा लहान आणि गोड दिसतो. ३०,००० चे बिल आले आणि १,५०० भरले, असे धरा. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,०५०. व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, १८९. झाले १,२३९. तुमच्या पंधराशेतले २६१ रुपयेच मुद्दलात गेले! असे तीन महिने चालले की ३,७०० च्या आसपास रुपये गेले, म्हणजे त्या फुकटच्या रात्रीची फी पुन्हा एकदा भरली आणि मुद्दल जवळजवळ तेवढेच. इतकेच नाही, जुने बिल थकलेले असताना कार्डावर नवीन भाजी घेतली तरी तिच्यावर त्याच दिवसापासून व्याज. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर थकबाकी असो नसो, पहिल्या दिवसापासून व्याज.

सरकार, न्यायालय यावर काही मर्यादा घालत नाही का, असे वाचक विचारतील. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये निकाल दिला होता की, थकलेल्या कार्ड बिलावर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. तेव्हा तीस टक्क्यांचा तो आधार गेला. गावचा सावकार शेकडा तीन घ्यायचा तर आपण त्याला शिव्या देत होतो. इथे साडेतीन आहे आणि वर गळ्यात टाय.

आमच्या आळीतल्या एका गृहस्थांचे सांगतो. सुरक्षारक्षकांचे सुपरवायझर, सज्जन माणूस. फुकटच्या मुक्कामासाठी ठराविक खर्चाचा आकडा गाठायचा होता, तीन महिन्यांची मुदत होती. आकडा कमी पडला म्हणून फ्रिज घेतला, मेहुण्याच्या लग्नाचे कपडेही कार्डावर घेतले. मुक्काम मिळाला. मुले दोन दिवस खूश होती. मग ड्युटी कमी झाली, पगार कमी झाला, आणि दीड वर्ष ते किमान रक्कम भरत राहिले. शेवटी पत्नीच्या पाटल्या तारण ठेवून कार्ड फेडले. मी त्यांना विचारले, घरी का सांगितले नाही? म्हणाले, मुलांना वाटलं असतं की बापाने उधारीवर फिरवलं. एवढ्याच एका वाक्यासाठी त्यांनी दीड वर्ष व्याज भरले.

कार्ड घेतलेच तर दोन कामे पहिल्या आठवड्यात करावीत. पगाराच्या खात्यातून "एकूण देय" रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्यावी. फॉर्मवर "किमान" या चौकटीत खूण नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. आणि बिलाची तारीख पगारानंतर येईल अशी बदलून मागावी, ती बदलून मिळते. नको झाले तर बंदही करता येते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घातलेल्या नियमाप्रमाणे, काही देणे बाकी नसेल तर मागणी केल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे. बँकेने उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये कार्डवाल्याला द्यावे लागतात. फोनवर "साहेब, फी माफ करतो, ठेवा ना" असे म्हणतील. लेखी मागणी करावी आणि तिची तारीख वहीत लिहून ठेवावी.

आणि सगळ्यांनाच ही हॉटेले कामाची असेही नाही. आपल्या घरांची सहल म्हणजे बारा-पंधरा माणसे, चुलत-मावस सगळी. बोधगया-सारनाथला तर बसच निघते. दोघांच्या एका खोलीची एक रात्र तिथे कुणाला पुरणार? अशा वेळी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची महाबळेश्वर, माथेरान, भंडारदरा, गणपतीपुळे, तारकर्ली येथील निवासस्थाने आधी पाहावीत, आणि ३,५४० रुपये बसभाड्यात घालावेत.

तेव्हा कल्याणच्या भगिनींना उत्तर असे. मुलाला एवढेच विचारा : गेल्या बारा महिन्यांत त्याने घेतलेल्या मोबाईलचा हप्ता, सोसायटीचे कर्ज, मित्रांची उसनवारी यांतले एक तरी देणे त्याने लांबवले आहे का? लांबवले असेल तर या वर्षी नको. नसेल, आणि तुम्ही तिघे खरोखर वर्षातून एकदा एक रात्र बाहेर राहणार असाल, तर घेऊ द्या, पण खोलीखेरीज खाण्यापिण्याचे आणि गाडीभाड्याचे पाच हजार आधी डब्यात बाजूला ठेवून मगच तारीख ठरवा. यजमानांना डोंगर आवडत असेल तर जुलैतला बुधवार बघा. आणि निघण्याआधी ते चार प्रश्न फोनवर विचारायला मुलाला विसरू देऊ नका.

पुढील अंकात पतपेढीच्या कर्जाला जामीन राहण्याविषयी लिहिणार आहे. त्या विषयावरची पत्रे आधीच आली आहेत, आणि त्यांतली बरीच जामीनदारांच्या पत्नींची आहेत.